परदेशातून आलेली डिस्क का अडते, आणि चालली तरी कंगवा का दिसतो

परदेशातून आलेली डीव्हीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर छोटी खिडकी उघडते आणि सांगते की या डिस्कचा रीजन, म्हणजे ती ज्या प्रदेशासाठी काढली तो विभाग, तुमच्या ड्राइव्हशी जुळत नाही, बदलायचा का? नाहीतर डिस्क मुकाट्याने सुरू होते, पण पडद्यावरचा माणूस हात हलवू लागला की हाताच्या कडेला बारीक आडव्या रेघा उठतात, कंगव्याच्या दातांसारख्या. दोन्ही वेळा आपण एकच वाक्य म्हणतो, ‘फॉरमॅट वेगळा आहे’. गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण या दोन अडचणींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. पहिली कुलपाची आहे, दुसरी चित्र रचण्याच्या पद्धतीची. एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन जुन्या चित्रपद्धती. हे नीट न कळल्यामुळे लोक तासन्‌तास खर्च करून पालची डिस्क एनटीएससीत किंवा एनटीएससीची पालमध्ये बदलून घेतात, आणि हातात पडतं ते मूळापेक्षा वाईट चित्र. घरच्या, नात्यातल्या चित्रीकरणाच्या डिस्क अशा खराब झालेल्या मी पाहिल्या आहेत. मूळ डिस्क पुढे वाचता येईनाशी झाली आणि उरली ती फक्त ही बिघडलेली प्रत. म्हणून आधीच सांगतो. डिस्क कॉम्प्युटरवर बघायची असेल तर पाल-एनटीएससी रूपांतराची गरज जवळजवळ कधीच नसते.

ती का नसते, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. टीव्ही आला तेव्हा चित्राचा वेग त्या-त्या देशातल्या विजेच्या आवर्तनांशी बांधला गेला. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, युरोपात ५० ची. वेग विजेशी जुळता ठेवला की विजेमुळे चित्रात येणारे पट्टे निदान सरकत राहत नाहीत. पण सेकंदाला ६० पूर्ण चित्रं पाठवायची तर प्रक्षेपणाला जागा फार लागते. म्हणून चित्र अर्धं-अर्धं पाठवायचं ठरलं. आधी १, ३, ५ अशा विषम ओळी, मग २, ४, ६ अशा सम ओळी. या प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. दोन फील्ड मिळून एक फ्रेम होते. जुन्या काचेच्या टीव्हीवर डोळा ही दोन अर्धी चित्रं आपसूक जोडून घेत असे. हे ‘अर्धं-अर्धं’ लक्षात ठेवा, कंगव्याचं मूळ त्यातच आहे.

अमेरिकेची पद्धत एनटीएससी. १९४१ मध्ये ती कृष्णधवल चित्रासाठी ठरली, ५२५ ओळी आणि सेकंदाला ३० फ्रेम. १९५३ मध्ये तिच्यात रंग घातला गेला. रंगाची लहर आवाजाच्या लहरीशी भांडू नये म्हणून वेग हजारात एका भागाइतका कमी केला आणि ३० चे २९.९७ झाले. हा विचित्र आकडा आजही प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये दिसतो तो त्यामुळे. युरोपात पाल आलं. जर्मनीच्या टेलिफुंकेन कंपनीतल्या वॉल्टर ब्रुख यांनी ते घडवलं आणि १९६७ मध्ये पश्चिम जर्मनी आणि ब्रिटनमध्ये त्याचं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. त्यात ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ फ्रेम. फ्रान्सने त्याच वर्षी स्वतःची सेकॅम पद्धत आणली. ओळी आणि वेग पालचेच, रंग पाठवण्याची रीत तेवढी निराळी.

आता खरी मेख. डीव्हीडीवर पालचे किंवा एनटीएससीचे रंग असे काही नसतातच. डिस्कवर असतो एमपेग-२ पद्धतीने दाबलेला, म्हणजे कमी जागेत बसवलेला, डिजिटल व्हिडिओ, आणि तो दोन मापांत येतो. ७२० गुणिले ४८० बिंदू आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम, किंवा ७२० गुणिले ५७६ बिंदू आणि सेकंदाला २५ फ्रेम. पहिल्याला डबीवर एनटीएससी लिहितात, दुसऱ्याला पाल. टीव्हीला जोडलेला प्लेअर या डेटापासून टीव्हीला समजेल असा सिग्नल तयार करतो. तो टीव्हीला पटला नाही की चित्र गुंडाळत राहतं किंवा रंग उडतात. कॉम्प्युटर असा सिग्नल बनवतच नाही. तो डेटा उलगडतो आणि बिंदू थेट पडद्यावर रंगवतो. २५ काय आणि २९.९७ काय, दोन्ही त्याला सारखेच. त्यामुळे पाल-एनटीएससी हा कॉम्प्युटरवर प्रश्नच उरत नाही.

कुलूप मात्र खरं आहे. डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. सिनेमा एका देशात थिएटरला लागलेला असताना दुसऱ्या देशातली डिस्क तिथे पोचू नये, असं स्टुडिओंना वाटत होतं, म्हणून जगाचे विभाग पाडले गेले. अमेरिका आणि कॅनडा १ मध्ये. युरोपचा बराच भाग, जपान, मध्यपूर्व आणि दक्षिण आफ्रिका २ मध्ये. आग्नेय आशिया, दक्षिण कोरिया आणि तैवान ३, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि लॅटिन अमेरिका ४, भारत, रशिया आणि आफ्रिकेचा मोठा भाग ५, चीन ६. विमानं आणि जहाजांसाठी ८. सगळीकडे चालणाऱ्या डिस्कला बोलीभाषेत रीजन शून्य म्हणतात. इथे एक गोष्ट डोळ्यांत भरते. जपान आणि जर्मनी दोघेही रीजन २ मध्ये, पण जपानची डिस्क एनटीएससी आणि जर्मनीची पाल. कुलूप आणि चित्रपद्धत वेगवेगळी आहेत याचा याहून चांगला पुरावा नाही.

१ जानेवारी २००० पासून बनलेल्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये रीजनची नोंद ड्राइव्हच्याच आत ठेवली जाते. वापरणाऱ्याला ती पाच वेळा बदलता येते. पाचव्या बदलानंतर ड्राइव्ह त्या रीजनवर कायमची अडकते. विंडोज पुसून नव्याने टाकलं किंवा ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली तरी फरक पडत नाही, कारण नोंद विंडोजमध्ये नाहीच. म्हणून ती खिडकी उघडली की घाईने ‘ओके’ दाबू नका. ते दाबणं म्हणजे पाचातली एक संधी खर्च करणं आहे. किती बदल शिल्लक आहेत हे विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून, त्या ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या डीव्हीडी रीजन या पानावर दिसतं. लिनक्सवर रीजनसेट नावाचं छोटं साधन तेच सांगतं.

एका वेगळ्या रीजनच्या डिस्क वरचेवर येत असतील तर सर्वांत सरळ मार्ग म्हणजे यूएसबीने जोडायची दुसरी ड्राइव्ह घेणं आणि ती एकदाच त्या रीजनवर लावून ठेवणं. ना कुठली युक्ती लागते, ना पाच संधींचा हिशेब ठेवावा लागतो. माझ्या मते हाच उपाय सर्वांत शहाणपणाचा.

रीजनसोबत दुसरं कुलूपही असतं, सीएसएस. बाजारातल्या बहुतेक सिनेमांच्या डीव्हीडीवरचा मजकूर ४० बिटच्या किल्लीने गुंतागुंतीचा केलेला असतो. १९९९ मध्ये ते कुलूप उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्रॅम इंटरनेटवर आला. त्याच्याशी नाव जोडल्या गेलेल्या नॉर्वेच्या योन लेख योहान्सन या तरुणावर खटला चालला आणि २००३ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. आज व्हीएलसी प्लेअरसोबत येणारी लिबडीव्हीडीसीएसएस ही लायब्ररी हेच काम करते. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून व्हीएलसी जन्मला आणि २००१ मध्ये खुल्या परवान्याखाली सर्वांसाठी मोकळा झाला. अनेक ड्राइव्हवर तो रीजन न जुळणारी डिस्कही वाजवतो, कारण किल्ली तो ड्राइव्हकडे न मागता स्वतः शोधून काढतो. काही ड्राइव्ह मात्र रीजन जुळल्याशिवाय डेटाच देत नाहीत. तिथे सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही, ड्राइव्हच बदलावी लागते. विंडोज ८ पासून विंडोजमध्ये डीव्हीडी वाजवण्याची सोय आपसूक मिळत नाही. ‘डिस्क चालत नाही’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच कारण असतं, आणि व्हीएलसी टाकला की ती मिटते.

कायद्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. स्वतःच्या मालकीच्या डिस्कची स्वतःपुरती प्रत काढणं काही देशांत चालतं, काही देशांत नाही. आणि प्रत चालते तिथेही कुलूप तोडायला वेगळी मनाई असू शकते. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याने अशी मनाई आणली. आपल्या देशातला नियम आधी वाचून घ्या. लग्न, समारंभ, शाळेचा कार्यक्रम अशा घरगुती डिस्कवर कुलूप नसतंच, तिथे फक्त पुढचा भाग लागू पडतो.

आता प्रत काढण्याकडे वळू. डीव्हीडी उघडली की व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर दिसतं. त्यात व्हीओबी फाइल्स असतात, प्रत्येकी फार तर १ जीबीच्या. एक सिनेमा अशा पाच-सहा तुकड्यांत विभागलेला असतो. कुठला तुकडा कुठल्या क्रमाने वाजवायचा, भाषा कुठल्या, उपशीर्षकं कुठली, हे आयएफओ फाइल्समध्ये असतं आणि बीयूपी ही तिचीच राखीव प्रत. नुसत्या व्हीओबी उचलून एकापुढे एक चिकटवल्या तर कधी क्रम चुकतो, कधी आवाज सरकतो. म्हणून मी आधी अख्ख्या डिस्कची आयएसओ प्रत, म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी एका फाइलमध्ये, काढतो, एकेरी थराची असेल तर ४.७ जीबीपर्यंत आणि दुहेरी थराची असेल तर ८.५ जीबीपर्यंत. मग पुढचं सगळं काम त्या प्रतीवर. डिस्क पुन्हा फिरवावी लागत नाही आणि ओरखडे वाढत नाहीत. डिस्क खरवडलेली असेल तर डीडीरेस्क्यू हे साधन वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. दुसऱ्या ड्राइव्हवर तीच डिस्क घालून राहिलेली भोकंही त्याच्याकडून भरून घेता येतात, कारण एका ड्राइव्हला न वाचता आलेला भाग कधी कधी दुसरी वाचते.

पुढे दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे मेकएमकेव्हीसारख्या साधनाने मूळ व्हिडिओला हात न लावता तो एमकेव्ही या डब्यात भरून ठेवणं. चित्र जसंच्या तसं राहतं, आवाजाचे सगळे पर्याय आणि उपशीर्षकंही राहतात, फक्त फाइल मोठी होते. जागा असेल तर मी हीच वाट सुचवीन. दुसरी वाट व्हिडिओ नव्याने दाबून लहान करण्याची, त्यासाठी हँडब्रेक हा प्रोग्रॅम. इथेच परदेशी डिस्कची खरी परीक्षा असते, म्हणून इथे थोडं थांबू.

सिनेमा फिल्मवर सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो. तो २५ च्या पालमध्ये बसवायला साधी युक्ती वापरली गेली, सिनेमा किंचित जलद चालवायचा. वेग सुमारे ४ टक्के वाढतो. १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. आवाजही चढतो, पेटीवरच्या शेजारच्या पट्टीपर्यंत नाही, पण तिच्याकडे अर्ध्याहून अधिक वाट चालून जातो. काही डिस्कवर आवाजाची पट्टी नंतर दुरुस्त केलेली असते, बऱ्याच डिस्कवर नसते. ज्याला ते गाणं मूळ पट्टीत पाठ आहे त्याच्या कानाला हे लगेच खुपतं.

हे उलटवता येतं. एमकेव्हीटूलनिक्स या साधनाने व्हिडिओ पुन्हा न दाबताच त्याला ‘आता तू २४ ने चाल’ असं सांगता येतं. आवाज मात्र त्याच प्रमाणात मंद करून नव्याने बनवावा लागतो. हे फक्त फिल्मवरून आलेल्या सिनेमालाच करा. युरोपातल्या टीव्हीसाठी मुळातच २५ ने चित्रित झालेल्या मालिका किंवा घरगुती चित्रण मंद केलं तर माणसं रेंगाळत चालतात. ओळखायचं कसं? सिनेमाची छापील लांबी आणि डिस्कवरची लांबी ताडून पाहा. चार टक्क्यांचा फरक असेल तर डिस्क जलद केलेली आहे.

एनटीएससीवर २४ चे ३० करायला वेगळी कसरत लागली. वेग वाढवणं शक्य नव्हतं, पंचवीस टक्के जलद सिनेमा कोण बघेल? म्हणून चित्रं फील्डमध्ये वाटली. पहिल्या चित्राला दोन फील्ड, दुसऱ्याला तीन, पुन्हा दोन, पुन्हा तीन. चार चित्रांची दहा फील्ड झाली, म्हणजे पाच फ्रेम. या पाचांपैकी तीन स्वच्छ असतात आणि दोनमध्ये दोन वेगळ्या चित्रांच्या ओळी एकमेकींत विणल्या जातात. काचेच्या टीव्हीवर हे दिसत नसे. कॉम्प्युटरचा पडदा पूर्ण फ्रेम एकदम दाखवतो, म्हणून त्या दोन फ्रेमवर कंगवा दिसतो.

चांगल्या बनवलेल्या एनटीएससी डिस्कवर चित्रं मूळ २३.९७६ च्या वेगानेच साठवलेली असतात आणि सोबत ‘हे फील्ड पुन्हा दाखव’ अशा खुणा असतात. कॉम्प्युटर खुणा बाजूला ठेवतो आणि चित्र स्वच्छ मिळतं. विणलेल्या फ्रेम डिस्कवर कायमच्या कोरलेल्या असतील तर हँडब्रेकमधला डीटेलिसाइन हा फिल्टर लागतो. तो वीण उसवून मूळ २४ चित्रं परत मिळवतो. त्यात काही गमावलं जात नाही.

कॅमेऱ्यानेच अर्ध्या-अर्ध्या फील्डमध्ये टिपलेलं चित्रण, म्हणजे जुन्या कॅमकॉर्डरचं घरगुती चित्रण, खेळांची प्रक्षेपणं, स्टुडिओतले कार्यक्रम, हे वेगळं प्रकरण आहे. तिथे दोन फील्ड खरोखरच वेगवेगळ्या क्षणांची असतात. उसवायला मूळ पूर्ण चित्र कधी नव्हतंच. तिथे डीइंटरलेस लागतं, म्हणजे राहिलेल्या ओळी अंदाजाने भरणं. यॅडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ हे फिल्टर ते काम चांगलं करतात. त्यातला बॉब हा पर्याय निवडला तर प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम होते. पालचं चित्रण सेकंदाला ५० आणि एनटीएससीचं ५९.९४ फ्रेमने चालतं. हालचाल पूर्वीच्या टीव्हीवर दिसायची तितकीच सळसळती राहते. लहान मूल अंगणात पळतंय अशा दृश्यात हा फरक इतका जाणवतो की मोठी फाइल मी आनंदाने पत्करतो.

आणि मग त्या दुर्दैवी डिस्क, ज्या कुणीतरी आधीच पालमधून एनटीएससीत किंवा उलट दिशेने बदललेल्या असतात. थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवली की भुतासारख्या पुसट दुहेरी कडा दिसतात, एका चित्रात दुसऱ्याची सावली. तिथे दोन क्षण एकमेकांत मिसळून गेलेले असतात. कंगवा उसवता येतो, हे मिश्रण पुरतं वेगळं करता येत नाही. मूळ टेप किंवा मूळ डिस्क शोधण्यात वेळ घालवलेला बरा. आपण केलेल्या रूपांतराने आणखी एक अशी डिस्क जगात येऊ नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

हँडब्रेकमध्ये म्हणून फ्रेम रेटच्या जागी ‘मूळाप्रमाणे’ हाच पर्याय ठेवा. २५ चं २५ राहू द्या, २९.९७ चं २९.९७. डीटेलिसाइन किंवा बॉबमुळे बदलणारा वेग तेवढा अपवाद. मापही वाढवू नका. ५७६ ओळींतून १०८० ओळींचा तपशील निर्माण होत नाही, उलट एक नवा घोळ होतो. जुन्या मापाच्या व्हिडिओचे रंग एका सूत्राने उलगडतात आणि मोठ्या एचडी मापाचे दुसऱ्या. काही प्लेअर नुसतं माप पाहून सूत्र निवडतात, त्यामुळे फाइलवर योग्य खूण नसेल तर हिरवा आणि तांबडा किंचित सरकतात.

डीव्हीडीचे बिंदू चौकोनी नसतात, हेही ध्यानात घ्या. ७२० गुणिले ५७६ चं चित्र रुंद पडद्याचं असेल तर ते १०२४ गुणिले ५७६ इतकं पसरून दाखवायचं असतं, चार-तीन प्रमाणाचं असेल तर ७६८ गुणिले ५७६ च्या आसपास. माणसं लंबुळकी किंवा बुटकी दिसू लागली की ही खूण हरवली असं समजा. हँडब्रेकमधला ऍनामॉर्फिक पर्याय चालू ठेवला की ती टिकते. दर्जासाठी आरएफ हा आकडा असतो आणि डीव्हीडीच्या मापाला १८ ते २२ पुरेसा आहे. आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा.

उपशीर्षकं वेगळी जपा. डीव्हीडीवरची उपशीर्षकं अक्षरं नसतात, ती चित्रं असतात. एमकेव्हीत ती सुखाने राहतात, एमपी४ मध्ये बरेच प्लेअर ती दाखवत नाहीत. परक्या भाषेतल्या सिनेमाची उपशीर्षकं गेली तर सगळी मेहनत वाया, म्हणून मी एमकेव्ही निवडतो.

व्हीसीडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्यांना रीजन नाही, कुलूप नाही. एमपेग-१ चा व्हिडिओ ३५२ गुणिले २४० किंवा ३५२ गुणिले २८८ अशा लहान मापात असतो आणि व्हीएलसी तो थेट वाजवतो.

ब्लू-रेचे विभाग तीनच. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया ए मध्ये, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया बी मध्ये, भारत, चीन आणि रशिया सी मध्ये. इथे रीजनची तपासणी ड्राइव्ह नाही तर वाजवणारं सॉफ्टवेअर करतं, त्यामुळे ड्राइव्ह कायमची अडकण्याची भीती नाही. सिनेमे सहसा २४ च्याच वेगाने साठवलेले असतात, म्हणजे ती ४ टक्क्यांची घाईही संपली. फोर-के ब्लू-रेवर तर रीजनच ठेवलेला नाही.

प्रत तयार झाली की तीन जागा मी डोळ्यांत तेल घालून पाहतो. कॅमेरा आडवा सरकतो ते एखादं दृश्य, कारण कंगवा राहिला असेल तर तिथे दिसतो. शेवटी वर सरकणारी नामावली, कारण वेग चुकला असेल तर ती अडखळत चढते. आणि शेवटच्या पाच मिनिटांतला एखादा संवाद. आवाज सरकला असेल तर सुरुवातीला तो पकडता येत नाही, तासाभराने ओठ आणि शब्द वेगळे पडलेले असतात. हे तिन्ही ठीक असेल तर आयएसओ दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवून देतो आणि मगच मूळ डिस्क पुन्हा डबीत जाते.